पाळीवरचा माणूस

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत मला सासूबाईंनी घालून दिली. बोलताना मी ती अजून पाळते. पण लिहिताना 'हे' आणि 'ह्यांनी' करत बसले तर वाचणाऱ्याला कोण कुठला काही कळायचं नाही. म्हणून इथे सरळ लवू म्हणणार. सासूबाई आता वरून काय बोलतील ते बोलोत. ज्या माणसाने फुटबॉलपायी मला जन्मभर छळलं, त्याचं नाव घेण्याचा एवढा हक्क मला आहे.

लवू आणि रशीद दोघे जयगडचे. शाळेत एका बाकावर बसले, खाडीच्या पुळणीवर एकाच फाटक्या चेंडूला लाथा मारत वाढले आणि मिसरूड फुटल्यावर एकाच जहाजावर खलाशी म्हणून लागले. आमच्या गावात पोरं क्रिकेट खेळतात. ह्या दोघांना हे खूळ कुठून लागलं देव जाणे. बरं, लागलं ते लागलं, एकाच्या बाजूने तरी असावेत. रशीद अर्जेंटिनाचा आणि लवू ब्राझीलचा. अर्जेंटिना हरावी म्हणून आमच्या घरात देव पाण्यात असायचे, आणि ती हरली की लवू चार घरं ओलांडून रशीदला चिडवायला जायचा.

जहाजावरच्या लोकांचा एक नियम होता. मॅच असेल तेव्हा कोणीतरी पाळीवर असणारच, कोणी इंजिनात, कोणी डेकवर. त्याच्यासाठी मॅच कॅसेटवर भरून ठेवायची, आणि तो पाळीवरून सुटून बघेपर्यंत त्याला निकाल सांगायचा नाही. भांडण असो, वैर असो, पाळीवरच्या माणसाला निकाल सांगायचा नाही म्हणजे नाही. शहाऐंशी साली अर्जेंटिना जिंकली तेव्हा जहाज आखातातल्या कुठल्याशा बंदरात नांगरून होतं आणि लवू इंजिनात होता. रशीदने आपली टीम जगज्जेती झालेली डोळ्यांनी बघितली आणि तोंड शिवून बसला. लवू वर आल्यावर त्याच्याबरोबर ती कॅसेट पहिल्यापासून बघितली, आणि प्रत्येक गोलला पहिल्यांदाच बघत असल्यासारखा उडाला. लवू अजून म्हणतो, एवढा आनंद पोटात ठेवणं दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.

पुढे जहाज सुटलं. रशीद कुवेतला गेला, म्हातारपणी परत आला. लवूने सखारामबरोबर लहानशी बोट घेतली. पण दर चार वर्षांनी रशीद सुट्टी काढून यायचा आणि फायनल त्याच्याच घरी. रशीद लाकडी आरामखुर्चीत आणि लवू खाली चटईवर, खांबाला टेकून. अर्जेंटिनाचं राष्ट्रगीत लागलं की रशीद उभा राहायचा. त्यातला एक शब्द त्याला कळत नव्हता. पण शाळेतल्या पोरासारखा ताठ, छातीवर हात. लवू खालून त्याचा पायजमा ओढायचा.

आणखी एक फरक होता दोघांत. मॅच अंगावर यायला लागली की लवू उठायचा. ब्राझील फ्रान्सकडून फायनल हरली तेव्हा हा अर्ध्यातच उठून जेटीवर जाऊन बसला होता. सात गोल खाल्ले तेव्हा तिसऱ्याच गोलला चपला घातल्या. रशीद उलट. त्याची टीम जर्मनीकडून हरली तेव्हा खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून रडत होता, पण पदकं वाटून होईपर्यंत जागचा हलला नाही. तो लवूला सांगायचा, "हरलेल्यांची तोंडं बघितल्याशिवाय उठू नये रे. त्यांना वाटतं, आपल्याला टाकून सगळे गेले." लवू म्हणायचा, ती तिकडे एवढ्या लांब, त्यांना काय कळतंय मी उठलो ते.

दोन हजार बावीसच्या दिवाळीत रशीदला छातीत दुखायला लागलं. रत्नागिरीला हॉस्पिटलात नेलं. लवू तिथेच राहिला, बाकावर झोपला, रशीदच्या बायकोला, कुलसुमभाभीला चहा आणून देत राहिला. भाऊबीजेच्या सकाळी डॉक्टरांनी रशीदला अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत हलवलं. त्याने चहा मागून घेतला. वर्ल्डकपच्या गप्पा सुरू झाल्या. यंदा आमचीच टीम, तो म्हणाला. लवू म्हणाला, तुमचं नेहमीचंच आहे. दोन दिवसांत घरी सोडतील असं डॉक्टरही बोलून गेले.

इकडे लवूची बहीण तुळसाताई ओवाळायला येऊन बसली होती. लवूने दुपारची गाडी धरायची ठरवली. रशीद म्हणाला, "संध्याकाळच्या गाडीने जा की."

"आता काय झालंय तुला? घोड्यासारखा हायस," लवू म्हणाला.

"बरं जा. पण फायनल माझ्या घरी. आणि ह्या वेळी शेवटपर्यंत बसायचं, कबूल?"

"कबूल."

लवू जयगडला उतरला आणि स्टँडवरच त्याचा फोन वाजला. तुळसाताईचं ताट तसंच राहिलं. हे सगळं त्याने मला त्या रात्री एकदाच सांगितलं. त्यानंतर भाऊबीज हा शब्द आमच्या घरात निघाला नाही.

कुलसुमभाभी इद्दतीत बसल्या. नवरा गेल्यावर चार महिने आणि वर दहा दिवस बाईने घरातच राहायचं, साधं नेसायचं, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. लवू सख्ख्या भावापेक्षा जवळचा खरा, पण रीतीच्या हिशेबात परकाच. तो रोज सकाळी मासळी घेऊन जायचा, पायरीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "भाभी, ठेवलंय." दाराआडून "बरं" असा आवाज आला की परत फिरायचा. मी बाईमाणूस, मला आत जायला मोकळीक होती. आत टीव्हीवर चादर टाकलेली होती आणि आरामखुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

आणि अशात वर्ल्डकप सुरू झाला.

लवू सुरुवातीच्या मॅचेस घरी बघत होता, मन लागत नव्हतं तरी. ब्राझील बाद झाली तेव्हाही शेवटचा फटका त्याने बघितला नाही. विहिरीवर जाऊन उभा राहिला, निकाल मी जाऊन सांगितला. मग एका सकाळी कळलं की अर्जेंटिना फायनलला गेली. लवूने चहाचा कप खाली ठेवला, उठला, टीव्हीची वायर काढली आणि गुंडाळून फळीवर ठेवून दिली.

"आता काय?" मी विचारलं.

"फायनल रशीदच्या घरी बघायची. कबूल केलंय मी."

"अहो, पण तिथे कसे जाणार? भाभी बसल्यायत."

"उठतील तेव्हा बघायची. हुदाला सांग, भरून ठेव म्हणावं."

हुदा म्हणजे रशीदची मुलगी, रत्नागिरीला दिलेली. मी हिशेब केला. भाभी मार्चात उठणार, शिमग्याच्या तोंडावर. म्हटलं, अडीच महिने ह्या माणसाला निकाल कळणार नाही? आजच्या काळात? शेंबड्या पोराच्या हातात मोबाइल आहे. मी हसले. तो हसला नाही. तो म्हणाला, "मी पाळीवर हाय. सगळ्यांना सांग."

फायनलच्या रविवारी दिवस मावळायच्या आत तो सखारामला घेऊन बोटीवर गेला, रेंज नसेल एवढा आत. दुसऱ्या दिवशी परत आला तोवर गावाला निकाल पाठ झाला होता. पण मी आधीच सगळीकडे सांगून ठेवलं होतं, आणि मला वाटलं होतं त्याच्या उलट झालं. गावाने ते मनावर घेतलं. जहाजावर गेलेला माणूस इथे घरटी एक आहे, हिंदूंत आणि मुसलमानांतही. पाळी म्हणजे काय ते कोणाला समजवावं लागलं नाही. रशीदचा पुतण्या उमेर, चौकात मोबाइलचं दुकान आहे त्याचं. त्याने आणि मोहल्ल्यातल्या पोरांनी मोठा बॅनर छापून आणला होता, निळापांढरा, वर कप आणि खाली ह्या सगळ्यांचे गॉगल लावलेले फोटो. तो गुंडाळून माळ्यावर गेला. आणलेले फटाके डब्यात गेले. लवू जेटीवर आला की लिलाव करणारेसुद्धा मोबाइल खिशात टाकायचे. आंजर्ल्याची एक बोट आली होती, तिच्यावरचा कोणी फायनलचं बोलायला लागला, तर सखारामने त्याच्या तोंडावर हात ठेवला. अनोळखी माणसाच्या. मार खाता खाता वाचला.

घरात माझा जाच वेगळाच. वाण्याकडून सामान आलं की आधी कागद बघायचा, बातमी असेल तर फाडायचा. शिवाय मला निकाल माहीत होता. ज्या बाईला डाळीला फोडणी दिल्याचंही शेजारी सांगावंसं वाटतं, तिने हे पोटात ठेवायचं. जानेवारीत आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते आठवत नाही, चूक त्याची होती. तेव्हा निकाल माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. फेकून मारावा असं वाटलं. मग त्याच्याकडे बघितलं. हा माणूस दिवाळीनंतर निम्मा झाला होता. सदरा खांद्यावरून उतरत होता. मी तोंडात पदर कोंबून आत गेले.

कुलसुमभाभीलाही मी विचारलं होतं, तुम्हाला सांगू का. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "मला नको सांगू. मी कधी पुरती मॅच बघितलीच नाय गं. ते ओरडले की मी चूल सोडून धावायची, तोवर गोल होऊन गेलेला. ही तरी पहिल्यापासून बघू दे." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लवूभाऊ जेवतात काय नीट?" मी नाही म्हटलं. त्या आणखी काही बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत.

मार्च आला. गावात शिमग्याचे ढोल वाजायला लागले आणि भाभी इद्दतीतून उठल्या. नातेवाईक येऊन गेले, दुआ झाली. पुढच्या दिवशी दुपारी आम्ही दोघे गेलो. लवूने इस्त्रीचा सदरा घातला होता. दारात त्याची पावलं अडखळली. भाभी समोर आल्या, हातात काचेची एकही बांगडी नाही. इतक्या महिन्यांत दोघांनी एकमेकांना बघितलं नव्हतं. "या," त्या म्हणाल्या, "बसा."

आरामखुर्ची पुन्हा टीव्हीकडे वळवलेली होती. तिच्यात कोणी बसलं नाही. लवू आपल्या जागी, चटईवर, खांबाला टेकून. भाभी आणि मी कॉटवर. हुदाने पेनड्राइव्ह लावला. अंगणात उमेर आणि त्याची टोळी पायरीवर येऊन बसल्याचं मला दिसत होतं. सगळ्यांना शेवट माहीत आणि सगळे गप्प.

खेळाडू रांगेत उभे राहिले. अर्जेंटिनाचं राष्ट्रगीत सुरू झालं. मी पडद्याकडे बघत होते, म्हणून मला आधी कळलं नाही. भाभींनी माझा हात घट्ट धरला तेव्हा मी वळून बघितलं. लवू उभा होता. गुडघे धरलेले असतात त्याचे, खांबाचा आधार घेऊन उठला असणार. ताठ उभा, छातीवर हात. ज्या गाण्याला तो जन्मभर रशीदचा पायजमा ओढत आला, त्याला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरलं होतं आणि तो ते पुसत नव्हता. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्याची आई गेली तेव्हासुद्धा मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण मी रडले.

पहिला गोल झाला, दुसरा झाला. लवू देवळात बसल्यासारखा हात जोडून बसला होता, आणि तेही अर्जेंटिनासाठी. भाभी विचारत होत्या आणि तो सांगत होता. आपले कोणते, निळे काय? तो बुटका कोण? तो दहा नंबर, त्याच्यावर जीव टाकायचा ना तुमचा माणूस. मधल्या सुट्टीत चहा झाला. लवूने बिस्किट खाल्लं, दोन खाल्ली. म्हणाला, "रशीदने आता चिडवून चिडवून जीव खाल्ला असतान माझा." भाभी हसल्या. मला बरं वाटलं, पण पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

मॅच संपत आली होती. भाभी म्हणाल्या, जिंकलेच म्हणायचे. आणि समोरच्यांनी पेनल्टीवर गोल केला. लवू सरळ बसला. त्याने तोंड पुसलं तोवर दुसरा गोल झाला. दोन-दोन. सगळी मॅच हातात होती आणि भाभींनी कपबशी खाली ठेवेपर्यंत गेली.

लवू उठला. दाराकडे गेला. चपला शोधायला लागला. एक चप्पल पायात गेली, दुसरी जाईना.

"अहो, बसा," मी म्हणाले. शेवट सांगून टाकावा असं वाटलं मला. एका वाक्याचं काम होतं.

"नको," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाय होत. हे बघितलंय मी एकदा. सकाळी चहा प्यायला, गप्पा मारल्या. सगळे म्हणाले जिंकला. मी उठून आलो, मालन. गाडीत बसून शेंगा खात होतो मी, आणि तिकडे तो गेला."

एवढे दिवस जे घरात कोणी उच्चारत नव्हतं ते आता भर दुपारी सगळ्यांसमोर पडलं होतं. पायरीवरची पोरं खाली मान घालून बसली. हुदाने मॅच थांबवली. मला त्याचा राग आला, कीव आली, त्याला मारावं की जवळ घ्यावं कळेना.

तेव्हा भाभी बोलल्या. आवाज नेहमीसारखाच.

"लवूभाऊ, तुम्ही गेल्यावर त्यांचा जरा डोळा लागला, मग डोळे उघडलेनी. विचारलेनी, लवू गेला काय? मी म्हटलं, गेले. तर हसले. म्हणाले, मॅच संपायच्या आधी उठणारच तो, त्याची काय नि माझी काय, हार त्याला बघवत नाय."

लवू दाराशी तसाच उभा. भाभींनी पदराने ओठ टिपले.

"मी म्हटलं, फोन करू काय, फिरवू त्यांना? तर म्हणाले, नको. मी हाय ना बसलेला, त्याला नंतर सांगेन काय झालं ते." त्यांनी आरामखुर्चीकडे बघितलं. "तुम्हाला इतके दिवस सांगायचं होतं. दाराआडून सांगवेना."

लवूने दाराच्या चौकटीवर डोकं टेकवलं. त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. आम्ही कोणी त्याच्याजवळ गेलो नाही. थोड्या वेळाने तो शांत झाला, पायातली एक चप्पल काढली आणि आपल्या जागी येऊन बसला. "लाव गो हुदा," तो म्हणाला.

जादा वेळात अर्जेंटिनाचा आणखी एक गोल झाला, समोरच्यांनी तोही फेडला. मग पेनल्टी सुरू झाल्या. भाभी पडद्याकडे न बघता लवूकडे बघत होत्या. तो दोन्ही हातांनी चटईची कड धरून बसला होता, जसा कोणी बोटीची कड धरतो. अर्जेंटिनाचा शेवटचा फटका जाळ्यात गेला. पडद्यावर ती सगळी माणसं धावत सुटली, काही जागच्या जागी गुडघ्यांवर बसली.

बाहेर उमेरने फटाके पेटवले. डिसेंबरात आणलेले, खाऱ्या हवेत सर्दावलेले. काही फुटले, काही नुसतेच सुरसुरत विझले. सगळ्या गावाला कळलं की लवू पाळीवरून सुटला. कोपऱ्यावरून कोणीतरी बॅनर घेऊन येत होतं.

लवू ओरडला नाही. "जिंकला मेल्या," एवढंच म्हणाला, रिकाम्या खुर्चीकडे बघत, आणि पुन्हा रडायला लागला. भाभीही रडत होत्या. हुदा बापाच्या खुर्चीच्या हातावर डोकं ठेवून बसली होती. आमच्यातलं कोणी कोणाचं सांत्वन करत नव्हतं, आणि खरं सांगते, त्या दुपारी त्याची गरजही नव्हती.

मी हळूच म्हणाले, "चला, दिवेलागण होईल." लवूने हाताने मला थांबवलं. पडद्यावर हरलेली पोरं दाखवत होते. एक गवतावर बसला होता, गुडघ्यांत डोकं घालून. दुसरा कपाशेजारून मान खाली घालून गेला. लवू त्या सगळ्यांची तोंडं बघत राहिला, एकेक, शेवटचा आत जाईपर्यंत. पदकं झाली, कप उचलला, कागदाचे तुकडे उडाले. मग पेनड्राइव्ह संपला आणि पडदा निळा झाला.

हुदाने रिमोट उचलला. "चाचा, संपली."

"म्हायती हाय," लवू म्हणाला. "बसू दे जरा."

तो उठला नाही. म्हणून आम्हीही बसून राहिलो.